पडद्यावरचे चाक

सिनेमात घोडागाडी भरधाव धावत असते आणि तिची चाके मात्र उलटी फिरताना दिसतात, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी घेतला असेल. लहानपणी शेजारच्याला कोपराने ढोसून आपण ते दाखविले असेल, आणि पुढच्या मारामारीत विसरूनही गेलो असू. मीही विसरलो होतो. आठवण करून दिली ती माझ्या एका विद्यार्थ्याने.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी त्याने संगणकावर एक छोटे चलच्चित्र तयार केले होते. विषय साधाच. दिवेलागणीला बैलगाडी गावाकडे येते, वेशीजवळ मंदावते आणि थांबते. बैल झकास, धूळ झकास. पण गाडीचा वेग कमी होऊ लागला की तिचे चाक एकाएकी उलटे गरगरू लागे. गाडी पुढे आणि चाक मागे! मुले खो खो हसली. पोरगा रडकुंडीला आला. "सर, गणित तर बरोबर आहे हो," असे म्हणत त्याने कागद माझ्यापुढे ठेवला. मी इतिहासाचा माणूस. संगणकाला द्यायच्या आज्ञा मला काय कळणार? पण कागदावरचा हिशोब मला कळला, आणि त्यातली चूक आमच्याच धंद्यातली निघाली! ती कोणती, हे पुढे येईलच.

चाकाचे चित्र खरे वाटावे यासाठी तीन प्रश्न सोडवावे लागतात. चाक किती फिरवायचे? वेग बदलला तर काय करायचे? आणि ते डोळ्यांना दिसणार कसे? मौज अशी की, संगणक जन्मायच्या कितीतरी आधी या तिन्ही प्रश्नांवर माणसांनी डोके खाजविले आहे.

पहिला प्रश्न सोपा वाटतो. चाक एक फेरा फिरले की गाडी परिघाइतकी पुढे जाते. तेव्हा गेलेल्या अंतराला परिघाने भागले की झाले फेरे. फेरे यापेक्षा जास्त दाखविले, तर चाक चिखलात रुतून जागच्या जागी फिरल्यासारखे वाटते. कमी दाखविले, तर ते घसरत चालल्यासारखे वाटते. प्रेक्षकाला भागाकार येत नसेल, पण त्याचा डोळा ही लबाडी तत्काळ पकडतो.

आता चाकाच्या लोखंडी धावेवर खडूने एक खूण करा आणि गाडी चालू द्या. ती खूण हवेतून कमानीमागून कमानी काढीत जाते. या कमानीने सतराव्या शतकातल्या युरोपला वेड लावले होते. गॅलिलिओने तिला 'सायक्लॉइड' हे नाव दिले. तिचे क्षेत्रफळ काढण्यासाठी त्याने धातूच्या पत्र्याचे आकार कापून चक्क तराजूत तोलले, असे सांगतात. फ्रान्समध्ये रोबेर्वाल याने १६३४ च्या सुमारास सिद्ध केले की, कमानीखालचे क्षेत्रफळ चाकाच्या क्षेत्रफळाच्या बरोबर तिप्पट असते. लंडनचे सेंट पॉल चर्च बांधणारा ख्रिस्तोफर रेन याने १६५८ मध्ये दाखविले की, कमानीची लांबी चाकाच्या व्यासाच्या चौपट भरते.

चित्रकाराच्या दृष्टीने त्या कमानीत एक मोलाची गोष्ट आहे. खूण जमिनीला टेकते त्या क्षणी ती स्थिर असते आणि माथ्यावर येते तेव्हा गाडीच्या दुप्पट वेगाने धावते. एखाद्या सायकलस्वाराचे धावते छायाचित्र पाहा. चाकाचे खालचे आरे स्पष्ट असतात आणि वरचे पुसट. ते पुसटपण म्हणजे वेगाची सहीच होय.

दुसरा प्रश्न बदलत्या वेगाचा, आणि त्यातच आमचा विद्यार्थी फसला होता. त्याची गाडी ४० सेकंद एका वेगाने चालत होती, चार सेकंदांना एक फेरा. म्हणजे १० फेरे झाले. पुढच्या ५ सेकंदांत वेग हळूहळू निम्म्यावर आला, म्हणजे आठ सेकंदांना एक फेरा. पठ्ठ्याने संगणकाला सांगितले होते की, या घटकेचा वेग घे आणि त्याला आरंभापासूनच्या एकूण वेळेने गूण. पंचेचाळिसाव्या सेकंदाला उत्तर आले साडेपाचच्या वर थोडे. आधी १० आणि आता साडेपाच! मग चाक उलटे फिरेल नाही तर काय करील? भाडे वाढले म्हणून घरमालकाने मागच्या दहा वर्षांचेही भाडे नव्या दराने मागावे, तसलाच हा हिशोब.

खरा हिशोब चौदाव्या शतकातच सांगून ठेवलेला आहे. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातला विल्यम हेट्सबरी याने १३३५ मध्ये लिहून ठेवले की, वेग एकसारखा वाढत किंवा घटत असेल, तर मधला वेग धरून अंतर काढावे. पुढे पॅरिसच्या निकोल ओरेमने तेच आकृतीने पटविले. आडव्या रेघेवर काळ, उभ्या रेघांनी वेग, आणि त्यांनी व्यापलेली जागा म्हणजे अंतर. आमच्या बैलगाडीला तो नियम लावा. पाव फेरा आणि अष्टमांश फेरा यांचा मध्य तीन-षोडशांश. त्याला ५ सेकंदांनी गुणले की पंधरा-षोडशांश फेरा. तो आधीच्या १० मध्ये मिळवायचा. म्हणजे चाक जवळजवळ ११ फेरे झाले पाहिजे.

संगणक हेच तुकड्यातुकड्यांनी करतो. दर चित्रागणिक, मागच्या चित्रापासून किती वेळ गेला ते पाहायचे, तेवढ्या वेळात गाडी किती सरकली ते काढायचे आणि तेवढेच फिरणे आधीच्या बेरजेत टाकायचे. खेळांच्या चित्रांत तर सेकंदाला कधी ६० चित्रे निघतात, कधी ३०. तरी बेरीज चुकत नाही, कारण प्रत्येक पावलाचा वेळ निराळा मोजलेला असतो. सार एवढेच की, किती फिरायचे हे चाकाने घड्याळाला विचारू नये, रस्त्याला विचारावे.

तिसरा प्रश्न डोळ्यांचा. बेरीज अचूक असूनही सिनेमातली चाके उलटी दिसतात, ती निराळ्याच कारणाने. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने १८२४ च्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध ठेवला. उभ्या फटींच्या आडून जाणारे चाक पाहिले, तर त्याचे आरे वाकलेले का दिसतात, हा त्याचा विषय. पुढे इंग्रजी समानार्थी शब्दांच्या कोशामुळे जो प्रसिद्ध झाला, तोच हा रॉजे. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने फिरत्या दात्यांच्या चाकांच्या अशाच भासांवर लिहिले. १८३२ मध्ये बेल्जियमच्या जोसेफ प्लातोने फटींची तबकडी फिरवून सुटी चित्रे हालती करून दाखविली, आणि व्हिएन्नात श्टाम्फर यानेही त्याच सुमारास तीच युक्ती शोधली. म्हणजे बघा, सिनेमाची पूर्वतयारी बऱ्याच अंशी चाकाकडे टक लावून पाहण्यातूनच झाली! प्लातोने पुढे आयुष्याची चाळीस वर्षे आंधळेपणात काढली, हा दैवाचा क्रूर खेळ.

बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चित्रे हे मान ठरले. समजा, गाडीच्या चाकाला १२ आरे आहेत. दोन आऱ्यांत ३० अंशांचे अंतर. चाक सेकंदाला दोन फेरे घेत असेल, तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत ते बरोबर ३० अंश फिरते. एका आऱ्याच्या जागी दुसरा आरा येऊन बसतो आणि चाक थांबल्यासारखे दिसते. वेग किंचित कमी होऊन ते २८ अंश फिरले, तर डोळा जवळचा आरा धरतो आणि म्हणतो, चाक २ अंश मागे गेले! म्हणून भरधाव गाडी हळूहळू मंदावत असताना पडद्यावरचे चाक थांबते, मग उलटे फिरते आणि शेवटी सुलटे होते.

कॅमेऱ्याला निसर्गाचे थोडे साहाय्य असते. चित्र घेताना त्याची झडप साधारणपणे सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग उघडी राहते, तेवढ्यात आरे सरकतात आणि पुसट उमटतात. संगणकाची पहिली चित्रे मात्र सुरीने कापल्यासारखी रेखीव होती. त्यामुळे हालचाल धक्के खात चाले. १८९५ पासूनचा सिनेमा जे फुकट मिळवीत होता, ते संगणकाला गणिताने विकत घ्यावे लागले. १९८३ मध्ये अमेरिकेत कोराइन आणि बॅडलर यांनी, तसेच पोटमेसिल आणि इंद्रनील चक्रवर्ती यांनी, हे पुसटपण हिशोबाने आणण्याच्या रीती मांडल्या. १९८४ मध्ये लुकासफिल्मच्या कुक, पोर्टर आणि कार्पेंटर यांनी आणखी सुंदर युक्ती काढली. चित्राचा प्रत्येक ठिपका झडप उघडी असतानाच्या निरनिराळ्या क्षणी तपासायचा आणि सरासरी घ्यायची. त्यांनी दाखविलेल्या चित्रात १, ९, ८, ४ असे आकडे असलेले बिलियर्डचे चेंडू होते. काही स्थिर, काही पुसट. पुढे याच मंडळींतून पिक्सार ही संस्था निघाली, आणि १९८७ मध्ये तिने काढलेल्या 'रेड्स ड्रीम' या लघुपटाची नायिका होती एकचाकी सायकल! आजही मोटारशर्यतीच्या खेळात वेग वाढला की रेखीव आरे काढून त्यांच्या जागी पुसट चकती बसविण्याची युक्ती वापरतात. चाक खरे वाटावे म्हणून ते मुद्दाम अस्पष्ट करायचे!

आमच्या विद्यार्थ्याने बेरजेची रीत घातली. गाडी वेशीजवळ आली, मंदावली, चाकाने शेवटचा अर्धा फेरा सावकाश घेतला आणि ती थांबली. कुणी हसले नाही. कुणाचे चाकाकडे लक्षच गेले नाही, आणि तेच त्याचे यश होते.

आता त्या चुकीविषयी. आजचा वेग सबंध गतकाळाला लावायचा, ही चूक केवळ पोरांच्या आज्ञावलीत होत नाही. आम्ही इतिहास शिकविणारे आणि आपण सारे इतिहास वाचणारे ती रोज करतो. आजच्या दराने कालचे शहाणपण मोजतो, आणि मग भूतकाळ उलटा फिरू लागला की त्यालाच हसतो. वास्तविक मागचा प्रत्येक तुकडा त्याच्या त्याच्या वेगाने मोजून बेरजेत टाकायला हवा. हेट्सबरीपासून पोर्टरपर्यंतची ही साडेसहाशे वर्षेही तशीच मोजली, तर त्यांतला एकही फेरा वाया गेला नाही, हे आपल्या ध्यानात येईल.