पनामातली रात्रपाळी

पनामा कालव्याच्या यशाचे श्रेय सहसा अजस्र यंत्रांना दिले जाते. नोव्हेंबर 1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट 95 टनी ब्युसायरस स्टीम शॉव्हेलवर जाऊन बसले. त्या छायाचित्राने हा समज पक्का केला. पण यंत्रे अमेरिकनांच्या आधी हा कालवा खणू पाहणाऱ्या फ्रेंचांकडेही होती. त्यांनी मागे टाकलेल्या, झाडोऱ्यात गंजणाऱ्या यंत्रांपैकी काही तर अमेरिकनांनी दुरुस्त करून वापरली. तेव्हा फरक यंत्र घेण्यात नव्हता, ते रोज चालते ठेवण्यात होता. 1905 मध्ये आलेले मुख्य अभियंता जॉन स्टीव्हन्स मूळचे रेल्वेतले. त्यांनी आधी खणकामच थांबवले आणि रुळांची घडी बसवली, कारण माती न्यायला वाघीण समोर नसेल तर शॉव्हेल नुसता कोळसा खाते. कालव्यासाठी डोंगर कापून काढल्या जाणाऱ्या कुलेब्रा खिंडीत दिवसाचे काम संपले की कोळशाच्या गाड्या आणि दुरुस्तीच्या टोळ्या उतरत. मोठी मोडतोड गोर्गोनाच्या कारखान्यात जाई. छायाचित्रकार अर्थातच दिवसा येत.

फ्रेंचांना पीतज्वराने आणि हिवतापाने हरवले, यंत्रांनी नव्हे, असा आक्षेप येईल. तो खराच आहे. पण फिटर तापाने मेला की बॉयलरही थंडावतो, त्यामुळे हे ताप पसरवणाऱ्या डासांचा बंदोबस्त हा देखभालीचाच पहिला भाग ठरतो. शिवाय रोग आटोक्यात आल्यावरही दरडी थांबल्या नाहीत. त्या रूळ आणि शॉव्हेल गाडून टाकत. ती उकरून पुन्हा कामाला जुंपावी लागत. पुढे कालव्याचा गातून तलाव भरला, तेव्हा गोर्गोनाही पाण्याखाली गेले. कारखाना त्याआधीच बाल्बोआला हलवला होता.