भिलाई ते मॉस्को : अंतर आणि प्रवासाचा वेळ

दोन शहरांमधील अंतर बदलत नाही. प्रवासाचा वेळ मात्र काळानुसार बदलतो. इतिहास लिहिताना या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. भिलाईचे उदाहरण घेऊन हा फरक समजून घेऊ.

पार्श्वभूमी

2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई पोलाद कारखान्याचा करार झाला. सुरुवातीची क्षमता वर्षाला 10 लाख टन पोलादाची ठरली. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी 4 फेब्रुवारी 1959 रोजी केले. यंत्रसामग्री जहाजाने आणि पुढे रेल्वेने आली. तज्ज्ञांना मात्र विमानाचा मार्ग उपलब्ध होता.

सरळ अंतर

पृथ्वी गोल असल्याने विमानाचे किमान अंतर बृहद्वृत्तावर मोजतात. भिलाई आणि मॉस्को यांच्यातील कोनीय अंतर सुमारे 47.3 अंश आहे. एका अंशाला 111.2 किमी धरले, तर हे अंतर सुमारे 5,260 किमी येते. ताशी 800 किमी वेगाने ते साडेसहा तासांत कापता येईल. पण असे थेट विमान नव्हतेच.

प्रत्यक्ष प्रवास

1958 मध्ये दिल्ली–ताश्कंद–मॉस्को विमानसेवा सुरू झाली. एरोफ्लोटचे तू-104 हे जेट विमान होते, तर एअर इंडियाचे सुपर कॉन्स्टेलेशन पंख्याचे. म्हणजे मार्ग तोच, पण वेळ वेगळा. दिल्लीपासूनचे सुमारे 4,360 किमी अंतर जेटने ताशी 800 किमी वेगाने कापले, तर हवेतील वेळ साडेपाच तासांच्या आसपास येतो. ताश्कंदचा थांबा त्यात धरलेला नाही.

आता अलीकडचा टप्पा पाहा. दुर्गहून नागपूरमार्गे दिल्ली रेल्वेने सुमारे 1,350 किमी. सरासरी वेग ताशी 50 किमी मानला, तरी 27 तास लागतात. म्हणजे एकूण अंतराचा जेमतेम चौथा हिस्सा, पण त्यालाच विमानाच्या जवळपास पाचपट वेळ!

वेळापत्रक वाचताना

मॉस्कोचे घड्याळ तेव्हा भारतापेक्षा अडीच तास मागे होते. निघण्याची आणि पोहोचण्याची स्थानिक वेळ नुसती वजा केली, तर जाताना प्रवास अडीच तासांनी लहान आणि येताना तेवढाच मोठा दिसतो. म्हणून दोन्ही वेळा आधी एकाच प्रमाणवेळेत आणाव्यात.

निष्कर्ष

जेटयुग आले म्हणजे जग जवळ आले, असे आपण सहज लिहून जातो. ते आधी विमानतळाजवळच्या माणसांसाठी जवळ आले. भिलाईकर आजही विमानासाठी रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळावर जातात. म्हणून कोणत्याही प्रवासाचा इतिहास लिहिताना घराच्या दारापासून मोजणी सुरू करा.

स्वाध्याय

तुमच्या गावापासून मॉस्कोपर्यंतचा 1958 मधील प्रवास टप्प्याटप्प्याने मांडा. सर्वाधिक वेळ कोणत्या टप्प्याला लागला, ते कारणासह लिहा.