दुव्यांची देवघेव

एखादी गोष्ट दुसऱ्यास कळविण्याचे दोन मार्ग आहेत. एक, ती स्वतःच्या तोंडानें सांगणें. आणि दुसरा, ती जेथें मूळ स्वरूपांत आहे त्या ठिकाणाकडे बोट दाखविणें. पहिल्या मार्गांत सारा भार सांगणाराच्या स्मरणावर आणि सचोटीवर असतो. दुसऱ्या मार्गांत ऐकणारास स्वतः जाऊन खातरजमा करून घेतां येते. ग्रंथांतील तळटीप, कीर्तनकारानें निरूपणांत घेतलेला ओवीचा आधार, वकिलानें न्यायासनापुढें ठेवलेला जुन्या निवाड्याचा हवाला, हीं सारीं या दुसऱ्या मार्गाचींच रूपें होत. इंटरनेटवरील चर्चामंडळांत सभासद एकमेकांस जी 'लिंक' देतात, आणि जिला मराठींत 'दुवा' हें नांव रुळलें आहे, ती याच कुळांतली. ही कडी इतकी सुलभ कशी झाली, आणि इतकी ठिसूळ कां राहिली, या दोन प्रश्नांचें उत्तर तिच्या इतिहासांत एकाच ठिकाणीं सांपडतें.

या कल्पनेचा आधुनिक आरंभ दुसरें महायुद्ध संपत आलें असतां झाला. अमेरिकेच्या युद्धकालीन शास्त्रीय संशोधनाचे सूत्रधार व्हॅनिव्हर बुश यांनीं १९४५ च्या जुलैंत 'अटलांटिक मंथली' या मासिकांत एक निबंध लिहिला. ज्ञानाचा पसारा इतका वाढला आहे कीं, हवें तें कोठें आहे हेंच विद्वानास सांपडेनासें झालें आहे, अशी त्यांची तक्रार होती. उपाय म्हणून त्यांनीं 'मेमेक्स' नांवाच्या एका काल्पनिक यंत्राचें वर्णन केलें. मेजाएवढें यंत्र, त्याच्या पोटांत सूक्ष्म छायाचित्रांच्या रूपानें सारा ग्रंथसंग्रह, आणि एका पानाचा दुसऱ्या पानाशीं सांधा जुळवीत वाचकानें पाडलेली वाट. बुश यांनीं उदाहरण दिलें तें धनुष्यांचें. आंखूड तुर्की धनुष्य इंग्रजांच्या लांब धनुष्याहून सरस कां ठरलें याचा शोध घेणारा एक गृहस्थ पानामागून पान जोडीत जातो; आणि कांहीं वर्षांनीं तोच विषय एका मित्राशीं निघाला असतां, ती सारी वाट छायाचित्रांत उतरवून मित्राच्या यंत्रांत घालण्यासाठीं त्याच्या हातीं देतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मित्रास नुसता पत्ता मिळत नाहीं. वाटेवरचीं पानेंही वाटेबरोबरच मिळतात.

वीस वर्षांनीं, १९६५ मध्यें, टेड नेल्सन या तरुण अमेरिकन विचारवंतानें अशा परस्परांत गुंफलेल्या लेखनास 'हायपरटेक्स्ट' हें नांव दिलें. त्याच्या 'झॅनाडू' नामक योजनेंत दुवा दुतर्फा असावयाचा होता. ज्या पानाकडे बोट दाखविलें, त्या पानालाही आपल्याकडे कोण पाहत आहे हें कळावें, आणि एक टोंक हललें तर दुसऱ्यास त्याची खबर लागावी, असा त्याचा आग्रह होता. योजना भव्य होती. परंतु भव्यतेच्या भारानेंच ती दशकामागून दशक अपुरी राहिली.

दरम्यान सामान्य संगणकवाल्यांनीं आपली वाट स्वतःच काढली. ड्यूक विद्यापीठांतील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनीं १९७९ मध्यें जवळच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संगणकाशीं निरोपांची देवघेव करण्याची युक्ति योजिली; तेथील स्टीव्ह बेलोविन यांनीं तिची पहिली आज्ञावली लिहिली, आणि १९८० मध्यें 'यूझनेट' चालूं झालें. एक संगणक साध्या टेलिफोनवरून दुसऱ्यास हांक मारी, साठलेले निरोप देई व घेई. दुसरा तेच निरोप तिसऱ्यास पोंचवी. रात्रीं टेलिफोनचे दर उतरत, म्हणून पुष्कळ ठिकाणीं हा व्यवहार मध्यरात्रीनंतर चाले. गणितापासून स्वयंपाकापर्यंत नाना विषयांचीं मंडळें त्यावर उभीं राहिलीं.

या मंडळांत कोणीं 'अमुक लेख कोठें मिळेल?' असें विचारलें, तर उत्तर एका ओळींत देतां येत नसे. अमुक विद्यापीठाच्या संगणकावर अनामिक म्हणून प्रवेश करावा, अमुक कप्प्यांत उतरावें, अमुक नांवाची फाईल मागवावी, असा तो पाककृतीसारखा मजकूर असे. शिवाय साठवणीची जागा तोकडी, म्हणून निरोप थोड्याच दिवसांत पुसले जात. मग नवा सभासद येऊन तोच प्रश्न पुन्हां विचारी. या पुनरुक्तीस कंटाळून जाणत्या सभासदांनीं नेहमींच्या प्रश्नांचीं उत्तरें आणि साधनांचे पत्ते एकत्र करून तीं टिपणें ठराविक मुदतीनें पुनःपुन्हां प्रसिद्ध करण्याचा प्रघात पाडला. या कामास वेतन नव्हतें. आपणांस ठाऊक असलेलें दुसऱ्यास सांपडावें, एवढाच हेतु होता.

निर्णायक पाऊल पडलें तें स्वित्झर्लंडमध्यें. जिनीव्हाजवळच्या 'सर्न' या अणुविज्ञानाच्या संस्थेंत देशोदेशींचे शास्त्रज्ञ येत, कांहीं वर्षें काम करीत आणि निघून जात. त्यांच्याबरोबर त्यांची माहितीही निघून जाई. हें थांबविण्यासाठीं टिम बर्नर्स-ली या इंग्रज तज्ज्ञानें १९८९ च्या मार्चमध्यें एक टिपण वरिष्ठांस सादर केलें. त्यांतूनच पुढें वेब जन्मास आलें. ६ ऑगस्ट १९९१ रोजीं त्यानें या कामाची वार्ता बाहेरच्या जगास दिली, ती यूझनेटवरील हायपरटेक्स्टच्या मंडळांत. म्हणजे वेबचा पत्ता जगास मिळाला तोच मुळीं एका चर्चामंडळांत! त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील सॅन अँटोनिओ येथें हायपरटेक्स्टच्या विद्वानांची परिषद भरली. तिनें बर्नर्स-ली व त्याचे सहकारी रॉबर्ट कायो यांचा निबंध नाकारला, आणि त्यांस केवळ प्रात्यक्षिक दाखविण्याची मुभा दिली.

बर्नर्स-लीनें नेल्सनची दुतर्फा कडी सोडून दिली होती. त्याचा दुवा एकतर्फी होता. ज्याला दुवा द्यावयाचा त्यानें पत्ता लिहावा. पलीकडच्या पानाच्या मालकाची परवानगी नको, त्यास खबर देण्याचीही गरज नको, आणि सर्वांची नोंद ठेवणारें मध्यवर्ती दप्तरही नको. याचा दुसरा अर्थ उघड होता. पलीकडचें पान हललें, बदललें किंवा नष्ट झालें, तर अलीकडच्या दुव्यास त्याचा पत्ता लागावयाचा नाहीं. वाचक तेथें जाईल आणि '४०४' ही संख्या पाहून रिकाम्या हातीं परतेल. ही उणीव त्यानें जाणूनबुजून पत्करली. दप्तराची आणि परवानगीची अट असती, तर हें जाळें कांहीं विद्यापीठांपलीकडे गेलें नसतें. दुव्याचें स्वातंत्र्य आणि दुव्याची नश्वरता हीं एकाच निर्णयाचीं अपत्यें आहेत.

फळ लौकरच दिसलें. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें वेबचें तंत्र सर्वांस विनामूल्य खुलें केलें. १९९४ च्या डिसेंबरांत पत्ता लिहिण्याची रीति रीतसर ठरली, आणि पूर्वींची पाककृति एका ओळींत मावूं लागली. आतां कोणीही कोणासही दुवा देऊं शकत होता. १९९७ मध्यें जॉर्न बार्गर यांनीं आपणांस आवडलेल्या दुव्यांच्या रोजनिशीस 'वेबलॉग' हें नांव दिलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत निघालेल्या 'स्लॅशडॉट' या चर्चास्थळावर एखाद्या लहानशा पानाचा दुवा आला, कीं हजारों वाचक एकदम तेथें धांवत आणि त्या बिचाऱ्या संगणकाचा श्वास कोंडे.

जेथें गर्दी तेथें बाजार, हा न्याय येथेंही चुकला नाहीं. १९९८ मध्यें लॅरी पेज व सर्गी ब्रिन यांनीं गूगल हा शोधक काढला. ज्या पानाकडे पुष्कळ आणि वजनदार पानें बोट दाखवितात, तें पान महत्त्वाचें, असें त्यांच्या शोधकाचें तत्त्व होतें. विद्वानांच्या जगांत ज्या ग्रंथाचा हवाला अनेकजण देतात त्यास मान असतो, त्याचाच हा विस्तार. परंतु दुवा म्हणजे मत असें ठरल्याबरोबर मतें विकत घेणारे आणि चोरून टाकणारे निपजले. चर्चामंडळांत औषधांच्या व जुगाराच्या दुव्यांचा पूर लोटला. वाचकानें ते पाहावे ही अपेक्षाच नव्हती, शोधकानें मोजावे एवढेंच पुरे होतें. अखेर २००५ च्या जानेवारींत गूगलनें इतर शोधकांच्या सहकार्यानें एक खूण प्रचारांत आणली; ती खूण असलेला दुवा मोजला जाणार नव्हता. पाहुण्याचा शब्द पारखल्यावांचून खरा न धरण्याचा शहाणपणा यंत्रासही शिकावा लागला.

मराठी भाषकांच्या वांट्यास या इतिहासांत एक निराळीच अडचण आली. शतकाच्या अखेरच्या दशकांत परदेशीं गेलेले मराठी लोक रोमन अक्षरांत मराठी लिहून यूझनेटवर गप्पा मारीत. १९९६ पासून 'मायबोली' हें त्यांचें एक हक्काचें ठिकाण झालें. परंतु त्या काळीं देवनागरींतील पानें निरनिराळ्या ठशांत असत. दुवा उघडे, पान समोर येई, आणि तो ठसा आपल्या यंत्रांत नसला तर अक्षरांच्या जागीं निरर्थक चिन्हांची रांग दिसे. घर सांपडलें, पण घरचें कोणी बोलेना, अशी ती अवस्था. युनिकोड या सर्वमान्य संकेतांत देवनागरीस १९९१ मध्येंच स्थान मिळालें होतें. घरोघरच्या यंत्रांत तें उतरावयास नवें शतक उजाडलें. २००३ च्या मेमध्यें मराठी विकिपीडिया सुरू झाला, तेव्हां पानांचीं नांवेंही मराठींत आलीं. पण पत्त्यांत देवनागरी चालत नसे. प्रत्येक देवनागरी चिन्हाऐवजीं टक्क्याच्या खुणांनीं भरलेलीं नऊ रोमन चिन्हें लिहावीं लागत. 'मराठी' हा तीन अक्षरांचा शब्द पत्त्यांत पंचेचाळीस चिन्हांचा होई. चर्चेंत असा दुवा चिकटविला, कीं तो कोठें नेतो हें डोळ्यांनीं वाचतां येत नसे. आणि न वाचतां येणाऱ्या पत्त्यावर विश्वास ठेवणें कोणासही जड जातें.

याहून मोठी हानि मात्र सर्व भाषांची झाली. 'जिओसिटीज' या वसाहतींत सामान्य लोकांनीं हौसेनें बांधलेलीं असंख्य पानें होतीं. २००९ च्या ऑक्टोबरांत मालकानें ती अमेरिकेंतील वसाहत बंद केली. त्याच मालकाचीं चर्चामंडळें, म्हणजे 'याहू ग्रुप्स', २०२० च्या डिसेंबरांत मिटलीं. हार्वर्डच्या अभ्यासकांनीं २०१३ च्या सुमारास तपासलें, तेव्हां अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें आपल्या निकालपत्रांत दिलेल्या दुव्यांपैकीं निम्मे मूळ मजकुरापर्यंत पोंचत नव्हते. प्यू या संशोधनसंस्थेस २०२४ मध्यें असें आढळलें कीं, २०१३ मध्यें असलेल्या पानांपैकीं शेंकडा ३८ पानें दहा वर्षांनीं नाहींशीं झालीं होतीं. न्यायनिर्णयाचा आधारच जेथें हरवतो, तेथें मित्रमंडळींतील गप्पांची काय कथा!

या नाशास अडविणारे कांहीं मोजके लोक झाले. टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागांतील हेन्री स्पेन्सर यांनीं १९८१ पासून दहा वर्षें यूझनेटचे निरोप चुंबकीय फितींवर जपून ठेविले. म्हणूनच तो काळ आज वाचावयास मिळतो. ब्रूस्टर केल यांनीं १९९६ मध्यें 'इंटरनेट आर्काइव्ह' स्थापून वेबच्या पानांच्या प्रती करण्यास आरंभ केला, आणि २००१ मध्यें तें भांडार सर्वांस खुलें केलें. बुश यांच्या कल्पनेंतील गृहस्थ जें सहज करी, म्हणजे पत्त्याबरोबर पानही देई, तें या मंडळींस इतक्या श्रमानें परत मिळवावें लागलें.

येथें कोणी म्हणेल कीं, मग दुवा देतांच कशाला? मजकूरच उतरवून पाठवावा. मोबाईल फोनवरील मंडळांत बहुधा हेंच घडतें. आणि त्याचा परिणाम भारतानें पाहिला आहे. २०१८ मध्यें मुलें पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा अशा संदेशांतून गांवोगांव पसरल्या. त्यांतील एक चित्रफीत मूळची कराचींतली होती. मुलांच्या रक्षणाविषयीं लोकांस सावध करण्यासाठीं ती काढलेली. शेवटचा खुलाशाचा भाग कापून ती खरी घटना म्हणून फिरविली गेली. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें अशाच अफवेवरून जमावानें भिक्षेसाठीं फिरणाऱ्या पांच निरपराध माणसांचे प्राण घेतले. त्याच महिन्यांत व्हॉट्सअॅपनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडण्यास बंदी केली. संख्येस आळा बसला. पण संदेशास पत्ता नव्हता, हा मूळ दोष तसाच राहिला. मूळ चित्रफितीचा दुवा सोबत असता, तर निदान एखाद्या वाचकास शेवटपर्यंत पाहण्याची संधि होती.

पत्ता नसलेली प्रत लबाडीस मोकळें रान देते, आणि प्रत नसलेला पत्ता काळाच्या तोंडीं पडतो. या इतिहासाचें सार एवढेंच आहे. जुन्या मंडळांतील जाणत्यांनीं यावर एक साधा रिवाज पाडला होता. दुवा द्यावा तो दोन ओळींच्या सारांशासह द्यावा. लेखक कोण, तारीख कोणती, हें सांगावें. आणि मोलाचा मजकूर असेल तर त्याची एक प्रत आपल्यापाशीं ठेवावी. बर्नर्स-लीनें १९९८ मध्यें पानांच्या मालकांस, पत्ते बदलूं नका, अशी विनंति केली. ती थोड्यांनींच मानिली. म्हणून उरलेली जबाबदारी देणाऱ्यावर येते. मराठींत 'दुवा' या शब्दाचा दुसरा अर्थ आशीर्वाद असा आहे. दहा वर्षांनंतर ज्या वाचकास दिलेला मजकूर पत्त्यासह हातीं लागेल, तो न पाहिलेल्या देणाऱ्यास तोही दुवा दिल्यावांचून राहणार नाहीं.