सुलेमानिये मशिदीचा शिलालेख आणि तिच्या हिशेबवह्या

इस्तंबूल येथील सुलेमानिये मशीद पाहावयास येणारा प्रवासी प्रांगण ओलांडून प्रार्थनागृहात शिरतो तो मुख्य द्वारावरील अरबी शिलालेखाखालून. आत जाताच दृष्टी सुमारे ५३ मीटर उंचीच्या घुमटाकडे जाते व लेख वाचावयाचा राहून जातो. हा मजकूर शेखुल-इस्लाम एबुस्सूद एफेंदी याने रचला. सुलतान सुलेमानाची बिरुदे व त्याच्या पूर्वजांची वंशावळ त्यात आहे. स्थपती सिनानचेही नाव त्यात नाही, मग पाथरवटांचे कोठून असणार?

सिनानचे नाव आढळते ते संकुलाच्या उत्तर कोपऱ्याशी असलेल्या त्याच्या कबरीपाशी. सिनान १५८८ मध्ये वारला. तेथील पद्यलेख साई मुस्तफा चेलेबी या त्याच्या कविमित्राचा असून तो अरबीत नव्हे, तुर्कीत आहे. त्यात सिनानने बांधलेल्या 'मस्जिद' चारशेहून अधिक आणि 'जामी' ऐंशी, अशी निरनिराळी गणना केली आहे. आकड्यांत स्तुतीचा अंश असणारच. परंतु शब्दभेद लक्षात घेण्याजोगा आहे. जेथे शुक्रवारची सामुदायिक नमाज व खुत्बा होतो ती जामी, आणि दैनंदिन नमाजापुरते लहान स्थान ती मस्जिद. मराठीने 'मशीद' हा एकच शब्द दोहोंसाठी रूढ केला व दुसरा 'जामा मशीद' या जोडशब्दात विशेषणासारखा ठेवला. त्यामुळे सिनानने सुमारे पाचशे मशिदी बांधल्या असे भाषांतर कोणी केले, तर मूळ लेखातील मुद्दाच नाहीसा होतो.

मशिदीचे काम १५५० मध्ये सुरू होऊन १५५७ मध्ये पुरे झाले. या सात वर्षांत कोण राबले, हे सांगणारे तिसरे लिखाण सुदैवाने शिल्लक आहे. ते म्हणजे बांधकामाच्या हिशेबवह्या. तुर्की इतिहासकार ओमेर लुत्फी बार्कान यांनी त्यांवर लिहिलेला ग्रंथ १९७२ व १९७९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यांच्या गणनेनुसार कामाच्या एकूण दिवसांपैकी सुमारे ५५ टक्के दिवस मजुरी घेणाऱ्या स्वतंत्र कारागिरांचे व मजुरांचे, सुमारे ४० टक्के अजेमी ओग्लान, म्हणजे जानिसारी पलटणीत दाखल होण्यापूर्वीच्या शिकाऊ तरुणांचे, आणि केवळ ५ टक्क्यांच्या आसपास वल्ही मारणाऱ्या गुलामांचे होते. स्वतंत्र कारागिरांत ख्रिस्ती व मुसलमान जवळजवळ निम्मेनिम्मे होते. पूर्वेकडील सम्राटाची भव्य वास्तू म्हणजे गुलामांची वेठबिगार, असे जे सरसकट गृहीत धरले जाते, त्यास या वह्यांत आधार मिळत नाही.

तथापि या आकड्यांनी हुरळून जाणेही योग्य नव्हे. अजेमी ओग्लान हे प्रायः देवशिर्मे पद्धतीने ख्रिस्ती घरांतून सक्तीने नेलेले मुलगे होते. त्यांना रोजमुरा मिळे. पण काम नाकारण्याची मुभा त्यांना नव्हती. हिशेबनिसाच्या रकान्यात ते गुलामांहून निराळे दिसतात, म्हणून त्यांस स्वतंत्र मानता येणार नाही. खुद्द सिनानही अनातोलियातील ख्रिस्ती घरातून देवशिर्मेनेच नेला गेला होता.