असुडाची वेणी

महात्मा जोतीराव फुले यांचें 'शेतकऱ्याचा असूड' हें पुस्तक मी गेलीं पंचवीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहें. १८८३ मध्यें तें लिहून पुरें झालें. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधु' पत्रांत त्याचे पहिले दोन भाग प्रसिद्ध झाले व पुढील भागांचें छापणें थांबलें. हें सारें मला तोंडपाठ आहे. परंतु दोन वर्षांमागें भोकरदन तालुक्यांतून आलेल्या एका विद्यार्थ्यानें तास संपतांना सहज विचारलें, "सर, असूड करतात कसा?" आणि मी निरुत्तर झालों. ज्या वस्तूचें रूपक मी इतकीं वर्षें उलगडून दाखवीत होतों, ती वस्तु मीं कधीं हातीं धरली नव्हती. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरानें दिलेलें उत्तर होय.

प्रथम शब्दांकडे पाहूं. 'चाबूक' हा फारसी शब्द. तो मराठींत रुळला, तसाच मलायी भाषेंत गेला, आणि तेथून डच वसाहतवाल्यांच्या संगतीनें दक्षिण आफ्रिकेंत पोहोंचून 'शाम्बॉक' झाला. गेंड्याच्या किंवा पाणघोड्याच्या कातड्याचा तो दंड तेथील काळ्या माणसांच्या पाठीवर पडे. 'असूड' हा मात्र मराठी मुलखांत शेताचा आणि देवीचा शब्द आहे. शेतकरी तो बैलांमागें फिरवितो; मरीआईचा पोतराज तोच आपल्या उघड्या अंगावर ओढतो. इकडे इंग्रज सरकारनें १८६४ च्या कायद्यानें फटक्यांची शिक्षा कायम केली होती. ती नाहींशी होण्यास १९५५ साल उजाडावें लागलें. फुल्यांच्या शीर्षकाची धार या संदर्भांत कळते. फटके मारण्याचा अधिकार ज्या काळीं सरकारचा होता, त्याच काळीं त्यांनीं असूड शेतकऱ्याच्या हातीं दिला.

विद्यार्थ्याचा प्रश्न मनांत घेऊन मी गेल्या उन्हाळ्यांत त्याच तालुक्यांतील धावडा या गांवीं गेलों. गांव जालना जिल्ह्यांत, अजिंठ्याच्या डोंगरांकडील बाजूस आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. जालन्याचा स्वतंत्र जिल्हा १९८१ मध्यें झाला. धावडा हें एका झाडाचेंहि नांव आहे. त्याचें लांकूड चिवट व लवचिक असल्यामुळें कुऱ्हाडीच्या दांड्यास, गाडीच्या आंसास तें पूर्वापार वापरीत. त्याचा पाला अतिशय तुरट असून कातडें कमावण्याच्या कामीं येतो. असुडाची मूठ आणि असुडाची वादी या दोहोंसहि उपयोगी पडणारें असें हें झाड. गांवाचें नांव त्यावरूनच पडलें असा माझा दावा नाहीं. पण असूड शिकण्यास निघालेल्या माणसास हा शकुन वाटला तर त्यांत नवल तें काय?

जुन्या गांवगाड्यांत हें काम एकट्या माणसाचें नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'गांवगाडा' या ग्रंथांत बलुत्यांची जी व्यवस्था वर्णिली आहे, तींत दोर वळण्याचें काम मांगाकडे व जोडे-मोट यांचें चांभाराकडे येतें; कातडें कमावणारे ढोर निराळे. प्रांतोप्रांतीं ही वाटणी थोडीफार बदले, तरी माणसें तींच. कच्चें कातडें चुन्याच्या पाण्यांत भिजत घालून त्याचे केंस काढावयाचे, मग बाभळीची किंवा तरवडाची साल व हिरडा यांच्या पाण्यांत तें दिवसचे दिवस मुरवावयाचें. या क्रियेस मराठींत 'कमावणें' म्हणतात. द्रव्य मिळविण्यासहि हाच शब्द आहे. परंतु ज्यानें कातडें कमावलें त्याच्या कमाईंत खळ्यावर मिळेल तें धान्य आणि गांवकुसाबाहेरची जागा यांखेरीज फारसें कांहीं पडलें नाहीं.

ज्यांनीं मला शिकविलें ते गृहस्थ सत्तरी ओलांडलेले आहेत. घराणें चामड्याचें काम करणारें. मी त्यांस 'बाबा' म्हणत असें. पहिल्या दिवशीं त्यांनीं मला वेणी घालूं दिली नाहीं, नुसती वादी कापावयास बसविलें. कातड्याचा गोल तुकडा घेऊन कडेपासून आंत फिरत फिरत रापी चालवीत गेलें म्हणजे हातभर तुकड्यांतून कित्येक हात लांब वादी निघते. पाठीचें कातडें घट्ट, पोटाचें सैल व ताणणारें; दोन्ही एका वेणींत मिसळलीं कीं असूड वांकडा होतो. वादीहि सारखी रुंद ठेवावयाची नाहीं. मुठीकडून टोंकाकडे ती हळूहळू निमुळती व्हावी लागते. माझी पहिली वादी एका जागीं जाड, दुसऱ्या जागीं दोऱ्यासारखी निघाली. बाबांनीं ती न बोलतां बाजूस ठेविली.

वेणी चार वाद्यांची. एक टोंक खुंटीस बांधून दोन वाद्या उजवीकडे, दोन डावीकडे घ्यावयाच्या. एका बाजूची कडेची वादी मागून नेऊन दुसऱ्या बाजूच्या दोन वाद्यांमधून वर काढावयाची व आपल्या बाजूस आंत परत आणावयाची. मग दुसऱ्या बाजूचीहि तशीच. हें सांगण्यास दोन ओळी लागतात. पण दोन्ही हातांचा ताण सारखा राखण्यास मला आठ दिवस पुरले नाहींत. उजवा हात जोर करी, आणि वेणी द्राक्षाच्या वेलासारखी पीळ खाई. एकदां मीं दांतओठ खाऊन वादी ओढली, तेव्हां बाबा म्हणाले, "सर, जोर कशाला? वादी सुकली हाय. वली करा. सुकली की ती कुणाचं ऐकत न्हाई." तेव्हांपासून मी पाण्याचें भांडें जवळ ठेवूं लागलों.

टोंकाला सुताचा बारीक गोंडा बांधतात. आवाज निघतो तो तेथून. हाताचा झटका निमुळत्या वेणींतून पुढें सरकतांना हलविण्याचें वजन कमी कमी होत जातें आणि वेग वाढत जातो; शेवटीं तो सेकंदास सुमारें ३४० मीटर या ध्वनीच्या वेगासहि मागें टाकतो. फ्रान्समधील कॅरिएर या संशोधकानें १९२७ मध्यें छायाचित्रांच्या साह्यानें हें दाखविलें. वादी निमुळती कां कापावयाची, याचें कारण पदार्थविज्ञानास सांपडण्यापूर्वीं कित्येक पिढ्या रापी धरणाऱ्या हातांस ठाऊक होतें. आणि असूड नीट वाजला म्हणजे बैलाच्या अंगास तो लावावाच लागत नाहीं.

येथवर लिहून लेख संपविला असता, तर "एक सुंदर कला लोप पावत आहे" असा हळहळीचा समारोप मला सहज करतां आला असता. मोट गेली, पंप आला. बैल गेला, ट्रॅक्टर आला. हें खरेंच आहे. पण एके दिवशीं मीं बाबांना विचारलें कीं, आपण हें काम नातवास कां शिकविलें नाहीं? ते म्हणाले, "म्याच न्हाई शिकवलं, सर. आमच्या काळी हात घाण झाला की नाव घाण व्हायचं. तुमी शिकला तर लोक कौतुक करतील."

या उत्तरापुढें माझी हळहळ टिकली नाहीं. १९२७ मध्यें महाड येथें डॉ. आंबेडकरांनीं मृतमांस व उष्टें अन्न टाकून देण्याचा उपदेश केला. १९५० मध्यें त्यांच्या संस्थेनें औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय काढलें. ज्या घरांतील मुलें त्या मार्गानें शाळा-कॉलेजांत गेलीं, त्यांनीं कलेचा त्याग केला असें म्हणणें अन्यायाचें आहे. त्यांनीं सक्ती झुगारिली. त्या सक्तींतून कारागिरी तेवढी निराळी काढून जपण्याची सोय आपल्या समाजानें त्यांस दिली नव्हती. तरीहि बाबांच्या बोटांतलें ज्ञान हें ज्ञानच आहे, आणि तें आमच्या पोथ्यांत व पाठ्यपुस्तकांत आलें नाहीं याचा दोष त्यांच्याकडे नाहीं, आमच्याकडे आहे. निदान तें लिहून ठेवणें, आणि कोणापासून शिकलों तें सांगणें, इतकें तर लेखणी धरणाऱ्यास करतां येईल.

माझा असूड अखेर पुरा झाला. मधोमध तो किंचित् वळलेला आहे, आणि दहा झटक्यांत एकदां वाजतो. यंदा फुल्यांचें पुस्तक शिकविण्यास आरंभ करतांना मीं तो टेबलावर ठेविला आणि आधीं कातडें कसें कमावतात तें सांगितलें. तास संपला तेव्हां आम्ही पहिल्या प्रकरणापर्यंत पोहोंचलों नव्हतों.