तक्रारदार ते पीडित : भारतातील सायबर गुन्हे आणि आधारव्यवस्थेचा इतिहास (२०००–२०२५)

प्रस्तावना

गुन्ह्यांचा इतिहास बहुधा गुन्हेगाराच्या किंवा राज्यसंस्थेच्या अंगाने लिहिला जातो. ठगीच्या बंदोबस्ताविषयीच्या ब्रिटिश कागदपत्रांत ठगांच्या टोळ्या, त्यांची सांकेतिक भाषा आणि त्यांना पकडणारे अधिकारी यांचे तपशील विपुल आहेत. वाटेत मारल्या गेलेल्या प्रवाशाच्या घरी पुढे काय झाले, हे मात्र त्यांत क्वचितच आढळते. सायबर गुन्ह्यांविषयीच्या लेखनाचीही स्थिती फारशी वेगळी नाही. त्यात तंत्र आहे, कायद्याची कलमे आहेत, टोळ्या आहेत. ज्याच्यावर गुन्हा घडला ती व्यक्ती मात्र आकडेवारीत विरून गेली आहे.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका सेवानिवृत्त प्राध्यापकांचे आहे. एका फसव्या दूरध्वनीनंतर त्यांच्या खात्यातून आयुष्यभराच्या बचतीचा मोठा भाग गेला. ही गोष्ट त्यांनी अकरा दिवस घरातही सांगितली नाही. ‘एवढे शिकलेले असून फसलात कसे?’ हा प्रश्न त्यांना गेलेल्या पैशापेक्षा जड वाटत होता. ते तक्रार करण्यास गेले तेव्हा रक्कम अनेक खात्यांतून पुढे निघून गेली होती. त्यांचे हे मौन केवळ वैयक्तिक होते, की आपल्या व्यवस्थेने ते घडवले होते, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे. त्याचा शोध अधिनियम, रिझर्व्ह बँकेची परिपत्रके, न्यायनिर्णय आणि शासकीय आकडेवारी यांच्या आधारे तीन कालखंडांत घेतला आहे.

पहिला कालखंड (२०००–२००८) : व्यापाराचा कायदा

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यास ९ जून २००० रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली व १७ ऑक्टोबर २००० पासून तो अमलात आला. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने १९९६ मध्ये तयार केलेला इलेक्ट्रॉनिक व्यापारविषयक आदर्श कायदा ही त्याची प्रेरणा होती. इलेक्ट्रॉनिक अभिलेख आणि अंकीय स्वाक्षरी यांना कायदेशीर मान्यता देणे हा त्याचा प्रधान हेतू होता. संगणक-यंत्रणेची हानी, अनधिकृत प्रवेश, अश्लील मजकुराचे प्रकाशन यांची दखल त्यात होती. परंतु फसवल्या गेलेल्या सामान्य माणसाचा विचार जवळजवळ नव्हता. शिवाय या अधिनियमाखालील तपास पोलीस उपअधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावा, अशी अट होती. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आलेल्या तक्रारदारासाठी याचा व्यावहारिक अर्थ, तेथे तपास करू शकणारा अधिकारी उपलब्ध नाही, असाच होता. मुंबई पोलिसांनी डिसेंबर २००० मध्ये स्वतंत्र सायबर गुन्हे अन्वेषण कक्ष सुरू केला, परंतु ती सोय महानगरापुरती होती.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार या अधिनियमाखाली देशभरात २००२ मध्ये ७०, २००४ मध्ये ६८ आणि २००८ मध्ये २८८ गुन्हे नोंदले गेले. हे आकडे गुन्ह्यांचे मोजमाप म्हणून वाचणे चुकीचे ठरेल. तक्रार नोंदवून घेणारी व्यवस्था किती अपुरी होती, याचे ते मोजमाप आहे.

या काळातील दोन घटना अभ्यसनीय आहेत. २००४ मध्ये चेन्नई येथे एका महिलेविषयी इंटरनेटवर अश्लील व बदनामीकारक मजकूर प्रसारित केल्याच्या खटल्यात आरोपीस दोषी ठरवण्यात आले. हा निकाल काही महिन्यांतच लागला. पीडितेने तत्परतेने तक्रार केली आणि तपासयंत्रणेने ती गांभीर्याने घेतली, तर न्याय शक्य आहे, हे त्यातून दिसले. दुसरी घटना पुण्यातील. २००५ मध्ये तेथील एका कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांनी अमेरिकी बँक ग्राहकांचे गुप्त क्रमांक बोलण्यातून काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवले. येथे यंत्रणा फोडली गेली नव्हती. फोडला गेला तो विश्वास. पुढील दोन दशकांच्या सायबर गुन्हेगारीचे सूत्र या घटनेत आधीच दिसते.

दुसरा कालखंड (२००९–२०१६) : अधिकार मिळाला, वाट मिळाली नाही

२००८ ची दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. ओळखीची चोरी (कलम ६६क), तोतयेगिरी करून फसवणूक (६६ड), खासगीपणाचा भंग (६६इ) आणि बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण (६७ब) हे गुन्हे स्पष्टपणे नमूद झाले, तसेच तपासाचा अधिकार पोलीस निरीक्षकापर्यंत खाली आला. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेने कार्डाद्वारे होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांसाठी जादा पडताळणी अनिवार्य केली. या उपायाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. कुलूप मजबूत झाले, तेव्हा चोराने मालकाकडेच किल्ली मागण्यास सुरुवात केली. एकवेळ वापराचा सांकेतिक क्रमांक गोड बोलून वा भीती घालून काढून घेणे हे गुन्ह्याचे मुख्य तंत्र बनले आणि दोषाचे बोटही यंत्रणेकडून ग्राहकाकडे वळले.

या काळात पीडितांना आधार मिळाला तो अधिनियमातील कलम ४६ चा. त्यानुसार राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून नुकसानभरपाईचे आदेश देऊ शकतात. एप्रिल २०१० मध्ये तमिळनाडूत एका बँकेस फसवल्या गेलेल्या अनिवासी ग्राहकाला भरपाई देण्याचा आदेश झाला. महाराष्ट्रात २०१३ मध्ये पुण्यातील एका उद्योगाच्या खात्यातून ८० लाखांहून अधिक रक्कम वळवली गेल्याच्या प्रकरणात एका राष्ट्रीयीकृत बँकेस ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला गेला. या प्रकरणात ग्राहकाने फसव्या ई-पत्राला उत्तर दिले होते; तरीही संशयास्पद खाती उघडू देणाऱ्या बँकेची जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व त्यातून पुढे आले. परंतु अपिलाची वाट खुंटलेली होती. सायबर अपील न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद २०११ च्या मध्यापासून रिक्त राहिले आणि २०१७ मध्ये ते न्यायाधिकरण दूरसंचार विवाद न्यायाधिकरणात विलीन करण्यात आले. कागदावर अधिकार असणे आणि तो बजावता येणे यांतील अंतर यापेक्षा स्पष्ट दिसणे कठीण आहे.

याच दुरुस्तीतील कलम ६६अ ची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्रासदायक संदेशांपासून संरक्षण देण्यासाठी आणलेले कलम बोलणाऱ्यावरच चालवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते घटनाबाह्य ठरवले. सुरक्षिततेच्या नावाने केलेला कायदा संदिग्ध असेल, तर तो नागरिकालाच पीडित करू शकतो, हा त्याचा धडा आहे.

तिसरा कालखंड (२०१७–२०२५) : पीडिताची दखल

६ जुलै २०१७ चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. ग्राहकाने अधिकृत न केलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात त्रयस्थाकडून फसवणूक झाली असेल आणि तीन कार्यदिवसांत बँकेला कळवले असेल, तर ग्राहकाचे दायित्व शून्य राहील; ग्राहक जबाबदार असल्याचे सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील, असे त्याने ठरवले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला सहकारी बँकांसाठीही असेच परिपत्रक निघाले. सहकारी बँकांचे जाळे खोलवर पसरलेल्या महाराष्ट्रासाठी ते विशेष मोलाचे होते. खुद्द बँकाही सुरक्षित नव्हत्या. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले.

लैंगिक स्वरूपाच्या ध्वनिचित्रफितींच्या प्रसाराविषयी ‘प्रज्वला’ या संस्थेने २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास पाठवलेल्या पत्रावरून सुरू झालेल्या प्रकरणाचे फलित म्हणून सप्टेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय तक्रार संकेतस्थळ सुरू झाले. तेथे अशा प्रकारच्या तक्रारी नाव न देता करता येऊ लागल्या. ३० ऑगस्ट २०१९ पासून ते सर्व सायबर गुन्ह्यांसाठी खुले झाले. जानेवारी २०२० मध्ये भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राचे उद्घाटन झाले. २०२१ मध्ये आर्थिक फसवणुकीसाठी मदतवाहिनी सुरू झाली. तिचा क्रमांक २०२२ पासून १९३० आहे. तक्रार येताच रक्कम ज्या खात्यात गेली त्या बँकेस सूचना जाते आणि रक्कम तेथे शिल्लक असल्यास रोखली जाते. पुढे गेली असल्यास पुढील बँकेस कळवले जाते. म्हणूनच पहिले काही तास निर्णायक असतात.

तरीही दरी मोठी आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय संकेतस्थळावर सुमारे १५.९६ लाख तक्रारी आल्या. त्याच वर्षी देशात नोंदलेले सायबर गुन्हे ८६,४२० होते. एकाच घटनेच्या अनेक तक्रारी असू शकतात, हे मान्य करूनही बहुसंख्य तक्रारींचे रूपांतर गुन्ह्याच्या नोंदीत होत नाही, हे उघड आहे. २०२४ मध्ये फसवणुकीत गेलेली रक्कम सुमारे २२,८४५ कोटी रुपये असल्याचे सरकारने संसदेत सांगितले.

‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने चालणाऱ्या फसवणुकीने आणखी एक उणीव उघड केली. भारतीय कायद्यात दूरचित्रसंवादाद्वारे अटक करण्याची तरतूदच नाही. परंतु भयभीत नागरिक येथे स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो. त्यामुळे तो व्यवहार तांत्रिकदृष्ट्या अधिकृत ठरतो आणि २०१७ च्या परिपत्रकातील शून्य दायित्वाचे संरक्षण त्याला मिळणे कठीण होते. बंदुकीच्या धाकाने दिलेल्या पैशाला आपण संमती म्हणत नाही. मग तोतया अधिकाऱ्याच्या धाकाने दिलेल्या पैशाला का म्हणावे? २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली, ही आश्वासक बाब आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पंचवीस वर्षांत कायद्याने व्यापाराकडून व्यक्तीकडे प्रवास केला. मात्र समाजाची भाषा त्या गतीने बदलली नाही. घरात चोरी झालेल्या माणसाचे आपण सांत्वन करतो. ऑनलाइन फसवल्या गेलेल्या माणसाला आपण जाब विचारतो. हा जाबच त्याचे मौन घडवतो आणि मौनातला प्रत्येक तास गुन्हेगाराच्या पथ्यावर पडतो.

महाविद्यालयांनी या बाबतीत केवळ वार्षिक व्याख्यानावर थांबू नये. विद्यार्थी वा सहकारी फसवला गेल्यास त्याच्यासोबत बसून तत्काळ १९३० वर तक्रार करणे, बँकेस लेखी कळवून पोच घेणे, संदेश व व्यवहार क्रमांक न पुसता जपून ठेवणे आणि छायाचित्रांवरून धमकावल्या गेलेल्या विद्यार्थिनीचे नाव गुप्त राखणे, एवढी जबाबदारी घेणारे दोन-तीन शिक्षक प्रत्येक महाविद्यालयात असावेत. सांकेतिक क्रमांक कोणालाही न देणे, अनोळखी दुव्यावर न जाणे आणि घाई करायला लावणाऱ्या दूरध्वनीवर संभाषण थांबवून घरच्यांशी बोलणे, ही दक्षता आवश्यक आहेच. परंतु दक्षतेचा उपदेश गुन्हा घडण्यापूर्वी करायचा असतो. गुन्हा घडल्यानंतर तोच उपदेश आरोप बनतो.

प्रारंभी उल्लेखिलेल्या प्राध्यापकांची रक्कम परत आली नाही. आता ते ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकांत स्वतःचा अनुभव सांगतात आणि शेवटी एकच सांगतात : लाज वाटली तरी पहिल्या तासात बोला. त्यांचे ते अकरा दिवस पुढच्या कोणाच्या वाट्याला येऊ नयेत, ही जबाबदारी आता ऐकणाऱ्यांची आहे.