रेव्हरंड रिचर्ड जॉन्सन : न्यू साऊथ वेल्स वसाहतीचे पहिले धर्मोपदेशक

प्रस्तावना :
वसाहतींच्या इतिहासात गव्हर्नर व सेनाधिकारी यांच्या कार्याची विपुल नोंद आढळते. त्या मानाने शासकीय वेतनावर काम करणारा धर्मोपदेशक उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात रिचर्ड जॉन्सन यांच्या कार्याचा आढावा घेतला आहे.

नियुक्ती व आगमन :
यॉर्कशायरमधील वेल्टन येथे जन्मलेल्या जॉन्सन यांचे शिक्षण केंब्रिज विद्यापीठात झाले. विल्यम विल्बरफोर्स व जॉन न्यूटन यांच्या प्रयत्नांतून १७८६ मध्ये त्यांची नियुक्ती झाली. जानेवारी १७८८ मध्ये पहिल्या ताफ्यासोबत ते पत्नी मेरीसह सिडनीस पोहोचले. ३ फेब्रुवारी रोजी त्यांनी झाडाच्या सावलीत पहिली उपासना घेतली.

शासन व धर्मोपदेशक :
जॉन्सन यांना आत्म्याच्या उद्धाराचा संदेश द्यावयाचा होता, तर गव्हर्नर आर्थर फिलिप यांना कैद्यांसाठी नीतिपर प्रवचने अपेक्षित होती. पाच वर्षे उलटली तरी शासनाने चर्च बांधले नाही. अखेर १७९३ मध्ये जॉन्सन यांनी स्वखर्चाने, सुमारे ६७ पौंडांत, कुडाच्या भिंतींचे व गवताने शाकारलेले चर्च उभारले. तेथे शाळाही भरत असे. प्रभारी गव्हर्नर फ्रान्सिस ग्रोस यांच्याशी त्यांचा तीव्र संघर्ष झाला. १७९८ मध्ये हे चर्च आगीत भस्मसात झाले. ती आग मुद्दाम लावल्याचा संशय होता.

सेवाकार्य :
जून १७९० मध्ये आलेल्या दुसऱ्या ताफ्यातील सुमारे एक चतुर्थांश कैदी प्रवासातच मृत्युमुखी पडले होते. जॉन्सन 'सरप्राइझ' जहाजाच्या तळघरात उतरले आणि मरणासन्न कैद्यांजवळ गेले. १७८९ च्या देवीच्या साथीतून वाचलेली बूरोंग ही आदिवासी मुलगी त्यांच्या घरी राहिली; पुढे ती स्वजनांत परतली. जॉन्सन यांनी आपल्या कन्येला 'मिल्बा' हे आदिवासी नाव दिले. ही आत्मीयता खरी होती. तथापि ज्या वसाहतीने बूरोंगच्या समाजाची भूमी घेतली, त्याच वसाहतीचे ते वेतनधारी सेवक होते.

निष्कर्ष :
१८०० मध्ये जॉन्सन इंग्लंडला परतले व १८२७ मध्ये त्यांचे निधन झाले. धर्मांतरांच्या संख्येवरून त्यांचे मूल्यमापन केल्यास ते अपयशी ठरतील. परंतु शासनाने शिस्तीचे साधन म्हणून निर्माण केलेल्या पदाला त्यांनी सेवेचा आशय दिला, हेच त्यांच्या कार्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.